सत्तावीस मण्यांचा लोखंडी सिमरना: सहा महिन्यांच्या वापरानंतर

नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या परिसरात कडे, कृपाण, रुमाले आणि गुटके, म्हणजे नित्यपाठाच्या छोट्या पोथ्या, विकणारी दुकाने आहेत. त्यांपैकी एका लहान दुकानातून गेल्या आषाढात मी 27 मण्यांचा लोखंडी सिमरना 180 रुपयांना घेतला. सिमरना म्हणजे नामजपाची माळ, आपल्या मराठीतील स्मरणीच. मी शीख नाही. घरी वारकरी परंपरा आहे आणि पोटापाण्यासाठी वसमतच्या मोंढ्यात मुनिमकी करतो. त्यामुळे हा अभिप्राय बाहेरच्या माणसाचा आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

दुकानात दोन प्रकार होते. एक पोलादाचा, चकचकीत आणि स्वस्त. दुसरा सर्बलोहाचा, म्हणजे शुद्ध लोखंडाचा, काळपट आणि हाताला जड. दुकानदार नांदेडचेच शीख गृहस्थ, अस्खलित मराठी बोलणारे. त्यांनी मला पोलादाचाच घेण्याचा सल्ला दिला. ‘काका, सर्बलोह पावसाळ्यात गंजतो, तेलाचा हात फिरवायला तुम्हाला जमणार आहे का?’ असे त्यांनी स्पष्ट विचारले. जमेल, असे मी म्हणालो आणि श्रावणातच तोंडघशी पडलो. खिशात घामाने ओला झालेला सिमरना दोन दिवस तसाच राहिला, तेव्हा मण्यांवर तांबूस डाग आले आणि पांढऱ्या सदऱ्याच्या खिशालाही लागले. आता आठवड्यातून एकदा खोबरेल तेलाचे बोट फिरवतो. डाग पुन्हा आले नाहीत. दोरा मात्र निकृष्ट आहे. चौथ्या महिन्यात गोंड्यापाशी गाठ सुटली आणि मणी मोंढ्यातल्या हळदीच्या पोत्यांखाली गेले. सव्वीस सापडले, सत्ताविसावा एका हमालाने दुसऱ्या दिवशी आणून दिला. ते सगळे मी मासेमारीच्या नायलॉन दोऱ्यात ओवून घेतले.

वस्तूविषयी एवढेच. मात्र ज्या कामासाठी ती घ्यायची, त्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण माळ घेतली की वैराग्य आले, अशा समजुतीने ती घेणाऱ्याची निराशा होईल. शीख परंपरेत माळ अनिवार्य नाही. मन हजर नसताना नुसते मणी ओढण्यावर गुरुबाणीत, म्हणजे गुरू ग्रंथसाहिबातील रचनांत, टीकाच आहे. मुख्य गोष्ट नाम सिमरन: पहाटेच्या अमृतवेळेला उठून बसणे, जपजी साहिब या गुरू नानकांच्या रचनेचा पाठ करणे, ‘वाहेगुरू’ हा शब्द श्वासाच्या लयीत घेत राहणे आणि मग दिवसभराच्या कामाला लागणे. घरदार सोडून जाणे गुरू नानकांनी मान्य केले नाही. सिद्धांशी, म्हणजे संसार सोडलेल्या योग्यांशी, झालेल्या संवादात त्यांनी पाण्यातल्या कमळाचा दाखला दिला आहे: कमळ पाण्यातच उभे असते आणि तरीही अलिप्त असते. गृहस्थाने मोह आणि हौमै, म्हणजे मीपणा, संसारात राहूनच ढिला करायचा.

ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये, असे कारणही आहे. आमच्या हिंगोली जिल्ह्यातील नरसीशी नाते सांगणाऱ्या संत नामदेवांची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्यांतल्या एका पदात पतंग उडवणारा मुलगा सोबत्यांशी गप्पा मारतो, पण त्याचे चित्त दोरीत असते. पाण्याच्या घागरी घेऊन निघालेल्या स्त्रिया हसतात-बोलतात, पण लक्ष घागरीवर असते. त्याच ग्रंथातील कबीरांच्या सलोकांमध्ये, म्हणजे दोह्यांमध्ये, नामदेवांचा मित्र संत त्रिलोचन त्यांना विचारतो की, कापड छापण्यात का गुंतलास? नामदेव उत्तर देतात की, हातापायांनी काम करावे आणि चित्त निरंजनाजवळ, म्हणजे परमेश्वराजवळ, ठेवावे. 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथालाच गुरुपद दिले ते याच नांदेडात, त्यामुळे ही पदे पंजाबइतकीच आमच्या गोदाकाठचीही आहेत, असे मला आपले वाटते.

सहा महिन्यांत मला काय मिळाले? फार नाही. पहाटे बसल्यावर पहिल्या दोन-तीन फेऱ्या सोयाबीनच्या भावातच जातात. कार्तिकात एका शेतकऱ्याशी ओलाव्यापोटी धरलेल्या कडत्यावरून, म्हणजे वजनातल्या कपातीवरून, वाद झाला. माझा अंगठा खिशातल्या मण्यावर होता आणि राग तरीही आला, आवाजही चढला. फरक एवढाच की, तो चढत असताना मला कळत होता. आठव्या-नवव्या मण्यापाशी मी वाक्य अर्धे सोडले, वही पुढे ओढली आणि कडता पुन्हा मोजला. चूक माझीच निघाली, साडेतीन किलोची. पूर्वी मी वही उघडलीच नसती.

एक तक्रार मात्र सिमरन्याच्या आकाराविषयी आहे. 27 मण्यांच्या चार फेऱ्यांनी 108 होतात, त्यामुळे कितवी फेरी चालली आहे हे लक्षात ठेवण्यातच मन गुंतते. तुळशीच्या 108 मण्यांच्या माळेत ही कटकट नाही, पण ती खिशात मावत नाही आणि काट्यापाशी बसून ओढता येत नाही. मी फेऱ्या मोजणे भाद्रपदात सोडून दिले.

ज्यांना तेलाचा हात फिरवणे होणार नाही, त्यांनी पोलादाचाच घ्यावा. दुकानदाराचे म्हणणे योग्य होते. दोरा मात्र कोणत्याही सिमरन्याचा तिथेच ओढून पाहावा आणि शक्य असल्यास दुहेरी ओवून मागावा. माझ्या हमालालाही आता एक हवा आहे, पुढच्या खेपेस त्याच्यासाठी पोलादाचा आणणार आहे.