'सचेत' ॲप : गोदाकाठच्या माणसाला कितपत उपयोगी?

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे, पूर-पावसासारख्या आपत्तींचे इशारे देणारे 'सचेत' हे मोफत ॲप नाशिककरांनी मोबाइलमध्ये ठेवावे का, या प्रश्नाचे माझे उत्तर 'ठेवावे' असेच आहे. मात्र गोदावरीकाठच्या भांडी बाजारातल्या व्यापाऱ्याने दुकानातला माल माळ्यावर केव्हा चढवायचा, हे केवळ ॲपच्या भरवशावर ठरवू नये.

ॲपचे खरे बळ त्याच्या मागे उभ्या असलेल्या व्यवस्थेत आहे. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर केंद्रात प्राधिकरण स्थापन झाले आणि एनडीआरएफच्या, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, तुकड्याही उभ्या राहिल्या. परंतु बचाव पथक कितीही तत्पर असले, तरी इशारा वेळेवर न मिळालेल्या वस्तीत त्याच्या वाट्याला फक्त सुटका करण्याचे काम उरते. ही उणीव भरून काढण्यासाठी सी-डॉट या सरकारी दूरसंचार संस्थेने जी यंत्रणा विकसित केली, तिच्यात हवामान खात्याचा पावसाचा इशारा असो की केंद्रीय जल आयोगाचा पुराचा अंदाज, तो एकाच ठरावीक नमुन्यात भरला जातो, आपत्ती व्यवस्थापनाच्या राज्य पातळीवरील प्राधिकरणाच्या नजरेखालून जातो आणि मग एसएमएस, ॲप अशा निरनिराळ्या मार्गांनी लोकांपर्यंत पोहोचतो. पंतप्रधानांनी एप्रिल 2025 मध्ये 'मन की बात'मध्ये या ॲपचा उल्लेख केला होता. वापरायला ते सोपे आहे. लोकेशनची परवानगी दिली की आपल्या परिसरासाठीचे इशारे दिसतात, आणि ते प्रादेशिक भाषांतही मिळतात.

अडचण आहे ती इशाऱ्याच्या व्याप्तीची. पावसाचा इशारा बहुधा जिल्ह्याच्या नावाने निघतो, आणि नाशिक जिल्हा म्हणजे एकीकडे पावसाने झोडपले जाणारे इगतपुरी, पेठ, सुरगाणा आणि दुसरीकडे आभाळाकडे डोळे लावून बसलेले येवला, नांदगाव. शिवाय शहरातला पूर शहरातल्या पावसावर फारसा अवलंबून नसतो. त्र्यंबकेश्वरकडच्या पाणलोटात कोसळलेला पाऊस गंगापूर धरणात येतो, धरणातून विसर्ग वाढवला जातो आणि रामकुंडावर पाणी चढते. त्यामुळे 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमधील पूर पाहिलेला नाशिककर 'जिल्ह्यात मुसळधार पावसाची शक्यता' या वाक्यापेक्षा किती क्यूसेक पाणी सोडले आणि ते दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे पुराचे माप समजल्या जाणाऱ्या नदीपात्रातल्या मूर्तीच्या, कुठवर येईल, याच्याकडे अधिक लक्ष देतो. त्याचे हे वागणे मला अडाणीपणाचे वाटत नाही. स्थानिक मोजमाप त्याला अधिक नेमके सांगते, इतकेच.

ही मर्यादा तंत्रज्ञानाची नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. इशाऱ्यासाठी जो आंतरराष्ट्रीय नमुना वापरला जातो, त्यात नकाशावर लहानसे क्षेत्र आखून तेवढ्यापुरताच संदेश देण्याची सोय आहे. 2023 मध्ये देशभर मोबाइल एकाएकी जोरात वाजून ज्याची चाचणी झाली (आणि अनेकांच्या छातीत धस्स झाले), त्या सेल ब्रॉडकास्टला तर इंटरनेट लागत नाही आणि कोणाचा नंबरही लागत नाही. निवडलेल्या टॉवरच्या टप्प्यातल्या, ती सुविधा असलेल्या फोनवर संदेश उमटतो. सिंहस्थात परप्रांतांतून येणाऱ्या आणि कुठलेही स्थानिक ॲप न घेतलेल्या भाविकांसाठी याहून योग्य साधन मला दिसत नाही. मात्र गंगापूरचा विसर्ग वाढवताना पाटबंधारे विभागाने दिलेली माहिती जिल्हा नियंत्रण कक्षाने त्याच घटकेला, घाटांची नावे आणि अपेक्षित वेळ घालून या यंत्रणेत चढवली पाहिजे. दिल्लीत बसून हे कोणी करू शकणार नाही.

तोवर 'सचेत'च्या जोडीला पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप ठेवावे. द्राक्षबागेत किंवा कांद्याच्या शेतात काम करणाऱ्यांना जवळपास पडणाऱ्या विजेची सूचना त्यावर मिळते. जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांकही फोनमध्ये नोंदवून ठेवावा.