कुलपात ठेवावं न लागणारं सूक्ष्मदर्शक : फोल्डस्कोप

आधी मत सांगते, मग बाकीचं. एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता, प्रयोगशाळा नाही, विजेचा भरवसा नाही, अशी तुमची शाळा असेल तर फोल्डस्कोप जरूर घ्या. मात्र एकच घेऊ नका, का ते पुढे येईलच. आणि सूक्ष्मदर्शकातून जंतू दाखवायचे एवढाच हेतू असेल, तर हे उपकरण त्या कामाचं नाही.

फोल्डस्कोप म्हणजे कागदाच्या घड्या घालून तयार होणारं सूक्ष्मदर्शक. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मनु प्रकाश आणि त्यांचे विद्यार्थी जिम सिबुल्स्की यांनी ते तयार केलं आणि २०१४ साली त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत ठेवायचा, हे त्यांनी सुरुवातीपासून ठरवलं होतं. छापील ताव येतो, त्यातले भाग सोडवून घ्यायचे, खुणांप्रमाणे दुमडायचे, एकमेकांत अडकवायचे. भिंग म्हणजे काचेचा एक बारीकसा गोल मणी. सगळ्या इयत्तांचं गणित संपल्यावर मी वरच्या वर्गाला यामागचंही गणित सांगते: मणी जितका लहान, तितकी प्रतिमा मोठी. नेहमीच्या संचातला मणी साधारण २.४ मिलिमीटरचा आहे आणि तो १४० पट मोठं दाखवतो. दोन मायक्रॉनपर्यंतचा, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा तपशील वेगळा दिसू शकतो. कागद पाण्याने भिजत नाही. फोल्डस्कोप तिसऱ्या मजल्यावरून पडला किंवा पायाखाली आला तरी टिकतो, असं त्या शोधनिबंधात नोंदवलेलं आहे. आमच्या शाळेला मजले नाहीत, पायाखाली मात्र तो बऱ्याचदा आलेला आहे.

हे टिकणं मला एवढं मोलाचं का वाटतं ते सांगते. आमच्या कपाटात एक लोखंडी सूक्ष्मदर्शक आहे, वजनदार, तीन भिंगांचं, चांगलं. डेडस्टॉकच्या, म्हणजे शाळेच्या कायमच्या सामानाच्या नोंदवहीत त्याची नोंद आहे आणि खाली माझी सही. अशी वस्तू मुलांच्या हातात देताना शिक्षकाच्या पोटात काय होतं, हे शिक्षकालाच ठाऊक. त्यामुळे ते वर्षातून एकदा बाहेर निघायचं. मुलं रांगेने यायची, हात मागे बांधून डोळा लावायची आणि पुढे सरकायची. स्क्रू मी फिरवायचे, काचपट्टी मी लावायचे, मुलांच्या वाट्याला नुसतं बघणं. पावसाळ्यात दमटपणाने भिंगावर बुरशी आली, तेव्हापासून तेही थांबलं. दुर्गम ठिकाणी महागडी सूक्ष्मदर्शकं मोडायच्या भीतीने तशीच पडून राहतात, हे पाहूनच मनु प्रकाश यांना आपली कल्पना सुचली, असं त्यांनी सांगितलेलं आहे. ते वाचलं आणि आमचं कपाट डोळ्यांसमोर आलं.

फोल्डस्कोप तयार करायला सरावलेल्या माणसाला दहा मिनिटं लागतात. मुलांना पहिल्या वेळी पूर्ण तासिका लागते, कधी दुसरीतलाही अर्धा वेळ जातो. हा वेळ वाया गेला असं समजू नका. घडी कुठल्या बाजूला, कुठला भाग कशाच्या खालून जातो, हे मुलांना आपसात बोलूनच ठरवावं लागतं. चौथीतल्यांनी सूचना वाचायच्या आणि दुसरीतल्यांनी त्या ऐकून घडी घालायची, असं मी करते. वाचणाऱ्याने चुकीचं वाचलं तर घडी बसत नाही आणि त्याला पुन्हा वाचावंच लागतं. अर्थ समजून वाचण्याचा इतका रोखठोक सराव माझ्या कुठल्याच पुस्तकी पाठात होत नाही. दुसरं म्हणजे, स्वतः जोडलेली वस्तू बिघडली की मुलं घाबरून माझ्याकडे येत नाहीत. उलगडतात, पुन्हा जोडतात.

आता त्यातून दिसतं कसं. एका भिंगाचं कुठलंही सूक्ष्मदर्शक डोळ्याला अगदी चिकटवून धरावं लागतं, भुवईला टेकेपर्यंत. नवी मुलं फोल्डस्कोप हातभर लांब धरतात आणि काही दिसत नाही म्हणतात. नंतर जवळ धरतात, तेव्हा बऱ्याच जणांना आधी स्वतःच्याच पापण्या दिसतात. एकीने वहीत गोलाच्या कडेला काळ्या रेघा काढल्या होत्या, त्या पापण्याच होत्या. मी त्या खोडू दिल्या नाहीत. दिसलं ते काढलं, निरीक्षणाची सुरुवात तिथूनच होते. उजेडाकडे तोंड करायचं, अंगठ्यांनी पट्टी हळूहळू सरकवून प्रतिमा स्पष्ट करायची. गोल मण्यामुळे मधला भाग स्वच्छ दिसतो, कडेचा धूसर. हा मण्याच्या आकाराचाच गुण आहे, त्यामुळे जे पाहायचं ते मध्ये आणायला शिकवावं लागतं. मोठ्या सूक्ष्मदर्शकात प्रतिमा उलटी दिसते, इथे सुलटी. लहान मुलांना हे फार सोयीचं पडतं.

एका वेळी एकच मूल पाहू शकतं, हीच त्याची खरी मर्यादा. तीस-पस्तीस मुलांत एक फोल्डस्कोप असेल तर पुन्हा तीच रांग, तेच हात मागे बांधणं. म्हणून चार-पाच मुलांमागे एक, याखाली जाऊ नका. माझ्या वर्गात खिडकीखालचा कोपरा त्यासाठी ठेवला आहे. मी फळ्यावर पहिलीला अक्षरं देते, दुसरीचा गट आपापसात वाचतो, तिसरी-चौथीचा एक गट कोपऱ्यात. तिथे चार कामं ठरलेली: एकाने नमुना तयार करायचा, एकाने पाहायचं, एकाने पाहणारा सांगेल तसं लिहून घ्यायचं, एकाने पुढच्याची तयारी. मग आळीपाळीने बदल. वहीत बाटलीच्या झाकणाभोवती पेन्सिल फिरवून गोल काढायचा आणि त्या गोलातच चित्र. अनेक इयत्तांचा वर्ग चालवणाऱ्याला मुलं गुंतलेली लागतात, पण नुसती गुंतवून ठेवलेली नको असतात. या कोपऱ्याकडे मला सारखं पाहावं लागत नाही, आणि पाहिलं तेव्हा काम चाललेलंच असतं.

काय पाहायचं याची यादी फार मोठी होईल. मीठ चौकोनी दिसतं. छापील रंगीत चित्रातला हिरवा म्हणजे निळे आणि पिवळे ठिपके निघतात. फुलपाखराच्या पंखावरची भुकटी म्हणजे ओळीने बसवलेले खवले, आणि जास्वंदीचे परागकण काटेरी गोळे. कांद्याचा पापुद्रा तर पाठ्यपुस्तकातच असतो. तो काढताना बारीक पकड हवी. दोन थर निघाले तर पेशींच्या रेषा एकमेकींवर चढतात आणि मुलं जाळीवर जाळी काढतात. आयोडीनचा एक थेंब टाकला की केंद्रकं ठळक होतात.

पण खरी गंमत साचलेल्या पाण्यात आहे. डबक्याच्या मधलं स्वच्छ पाणी आणलं तर फारसं काही मिळत नाही. कडेचं, कुजलेल्या पानांजवळचं, तळाचा गाळ थोडा ढवळून घेतलेलं पाणी हवं. त्यात पॅरामेशियम हा चपलेच्या तळव्यासारखा एकपेशीय जीव सापडतो आणि सापडतो-न-सापडतो तोच निघून जातो. इथे मुलं हिरमुसतात. उपाय साधा आहे: काचपट्टीवर थेंब टाकण्याआधी कापसाचे दोन-चार तंतू पसरायचे. तंतूंच्या गुंत्यात त्याचा वेग मंदावतो, तो तंतूला धडकतो, मागे येतो, दिशा बदलून पुन्हा जातो. त्या वेळी कोपऱ्यातून जो आवाज उठतो, तो ऐकून पहिलीचा अख्खा वर्ग अक्षरं सोडून धावतो. मी त्यांना अडवत नाही.

डबक्याचं पाणी पाहिल्यावर मुलं हमखास विचारतात, "बाई, हातावरचे जंतू बघू या?" हात धुण्याचा पाठ शिकवलेला असतो, त्यामुळे हा प्रश्न येणारच. बरेच जीवाणू एक-दोन मायक्रॉनचे असतात, म्हणजे या उपकरणाच्या क्षमतेच्या अगदी काठावर किंवा त्याच्याही खाली. दिसला तरी ठिपका दिसेल, आणि तो धुळीचा कण आहे की जीवाणू, हे सांगता येणार नाही. काही जण धुळीचे कण दाखवून "हे जंतू" म्हणतात. तसं करू नका, अगदी हेतू चांगला असला तरी. मी मुलांना सरळ सांगते की जंतू याहून लहान आहेत, ते पाहायला याहून ताकदवान भिंग लागतं. शिवाय पाण्यात हलणारा प्रत्येक जीव रोग देणारा नसतो, हेही त्याच वेळी सांगावं लागतं, नाहीतर मुलं पॅरामेशियमलाच घाबरू लागतात.

संचाबरोबर चुंबकाची चकती येते. ती लावून मोबाइलच्या कॅमेऱ्यावर फोल्डस्कोप बसवता येतो आणि सगळ्यांना एकदम दाखवता येतं. मी हे कमी वापरते. फोटो उपयोगी आहेत, महिन्यापूर्वीचं चित्र आणि आजचं चित्र शेजारी ठेवता येतं. पण पडदा आला की मुलांचे अंगठे थांबतात. स्वतः शोधणारं मूल पुन्हा प्रेक्षक होतं. तपासणीला किंवा पालकसभेला दाखवायचं असेल तेव्हा मोबाइल, एरवी डोळा.

या उपकरणाचं सगळ्यात मोठं काम माझ्या डोळ्यांआड झालं. शनिवारी मी ते घरी न्यायला देते. वहीत नाव लिहायचं, न्यायचं, सोमवारी आणायचं. चौथीतल्या एका मुलीने भिंतीवरचं ओलं शेवाळ नेलं होतं. पिळून काढलेल्या पाण्यात तिला तोंडाशी फिरणारी चक्रं असलेले जीव दिसले. ते रोटिफर. मग शेवाळ तसंच राहिलं आणि पार वाळलं. वाळलेलं झटकून पाहिलं तर नुसते बारीक गोळे, हालचाल काही नाही. मेले असं तिने लिहून ठेवलं. पण शेवाळ टाकून न देता पुन्हा पाण्यात घातलं आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं तर चक्रं फिरत होती. सोमवारी तिने वही माझ्यापुढे ठेवली. "मेले" या शब्दावर काट मारून शेजारी लिहिलं होतं, "झोपले होते का?" मी हा प्रयोग तिला सांगितलेला नव्हता. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहूक यानेही १७०२ साली छपराच्या पन्हाळीतल्या वाळलेल्या गाळावर पाणी घालून हेच पाहिलं होतं, आणि तेही हाताने घासलेल्या एकाच भिंगातून. त्या दिवशी परिपाठात मी पूर्ण वर्गाला लेव्हेनहूकची गोष्ट सांगितली. आधी मात्र तिची सांगितली.

कपाटातल्या लोखंडी सूक्ष्मदर्शकातून रोटिफर याहून किती तरी छान दिसला असता. पण ते शनिवारी तिच्या दप्तरातून घरी गेलं नसतं, आणि शेवाळ वाळायची वाट पाहायला माझ्या तासिकेत जागा नव्हती. म्हणून भिंगांच्या ताकदीची तुलना करून कुणी फोल्डस्कोपला कमी लेखलं तर मला ते पटत नाही. मुलाच्या हातात किती तास राहतं, हेही उपकरणाचं मोजमाप आहे आणि शाळेसाठी मी तेच आधी पाहीन.

काळजीच्या गोष्टी थोड्या आहेत, पण पक्क्या आहेत. सूर्याकडे धरून कधीही पाहायचं नाही. उजेड असलेलं आकाश, पांढरी भिंत किंवा संचातला दिवा पुरतो. हा नियम मी रोज म्हणवून घेते आणि घरी नेण्याआधी पालकांनाही सांगते. डोळे आल्याची साथ असेल तेव्हा फोल्डस्कोप वाटून वापरणं बंद. एरवीही डोळ्याजवळचा भाग पुसूनच पुढच्याला द्यायचा. मण्यावर बोट लागलं की सगळं धुकं होतं, तेव्हा मऊ कोरड्या कापडाने हलकेच पुसा. काचेच्या पातळ झाकणपट्ट्या लहान मुलांच्या हातात फुटतात आणि बोटाला लागतात. त्याऐवजी जुन्या पुठ्ठ्याच्या पट्टीला पंचने भोक पाडून दोन्ही बाजूंनी पारदर्शक चिकटपट्टी लावली की कोरड्या नमुन्यांचं काम भागतं. ओला नमुना आत तसाच ठेवून दप्तरात कोंबू देऊ नका, कागद टिकतो पण शेवाळ्याचा वास दप्तराला धरतो.

आणि पहिल्याच दिवशी डबक्याच्या पाण्याला हात घालू नका. आधी मीठ, साखर, छापील चित्र, पक्ष्याचं पीस, अशा जागच्या न हलणाऱ्या वस्तू. मुलांचे अंगठे स्थिर झाले, मधल्या भागात वस्तू आणता येऊ लागली, की कांद्याचा पापुद्रा घ्या. पाणी त्यानंतर, आणि कापसाचे तंतू आधीच तोडून तयार ठेवा.