लॉगबुक टाइप करून घेतलं, ठाण्याच्या नौपाड्यात

वायुदलात वीस वर्षं काढली, बहुतेक एएन-३२ या मालवाहू विमानावर. आता एअरलाइनला अर्ज करायचा, तर चार जाडजूड लॉगबुकांतली, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवह्यांतली, प्रत्येक सॉर्टी (उड्डाण) एक्सेलमध्ये हवी. मुलगा म्हणाला, "बाबा, मी करतो." दिवाळीपर्यंत त्याची अकरा पानं झाली.

मग एका ठिकाणी टायपिंगला दिलं. त्यांनी १ तास ३५ मिनिटं सरळ '१.३५' अशी भरली. अशा दोन सॉर्टी मिळवल्या की २.७० येतात, खरे होतात ३ तास १० मिनिटं. सगळं बाद.

शेवटी नौपाड्याच्या गल्लीतलं हे झेरॉक्स-बायंडिंगचं दुकान सापडलं. एरवी इथे कॉलेजची प्रोजेक्टं आणि सोसायट्यांचे अहवाल येतात. पण टायपिंगच्या ताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, सेकंड पायलटचे तास वेगळ्या रकान्यात ना?" तिथेच मी निश्चिंत झालो. एटीपीएलला, म्हणजे एअरलाइन पायलटच्या परवान्याला, एकूण १५०० तास लागतात, पण पीआयसी (मुख्य वैमानिक म्हणून) किती, रात्रीचे किती, हे सुटं दाखवावं लागतं. इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडवल्याचे, १०० हवेत, त्यात सिम्युलेटेड (कृत्रिम परिस्थितीतले) ५० च्या वर धरत नाहीत. रकाना चुकला की तास गेले.

अक्षर लागलं नाही तिथे ताईंनी अंदाजाने काही भरलं नाही, रकाना पिवळा करून ठेवला. असे ५३ निघाले. जोरहाटच्या एका महिन्यात तर माझं अक्षर मलाच लागेना. मूळ वह्या मी रात्री दुकानात ठेवत नव्हतो, रोज संध्याकाळी स्टुलावर बसून काम करून घ्यायचो. त्यावर कुणी तोंड वाकडं केलं नाही.

सगळं भरून झाल्यावर एकूण तासांची बेरीज आली ७:२०. पोटात गोळाच आला. ताई हसल्या, "२४ तास झाले की एक्सेल पुन्हा शून्यापासून मोजतं, सर." फॉरमॅट बदलल्यावर ३१२७:२० दिसले.

बायंडिंग मात्र यथातथाच. आडव्या पानांचा शेऱ्याचा रकाना शिवणीत गेला, पुन्हा करून घ्यावं लागलं. त्याचे पैसे घेतले नाहीत, पण दोन दिवस गेले. आणि गाडी घेऊन जाऊ नका, गोखले रोडवर लावायला जागा मिळत नाही.

वहीतली बेरीज होती ३१२७:४०. वीस मिनिटांचा फरक ताईंनीच शोधला: २००९ चा मार्च, महिनाअखेरची बेरीज मीच चुकवलेली, आणि खाली फ्लाइट कमांडरची सही!