नावांची रूपं: रेल्सची रीत आणि जँगोची रीत

क्लासच्या नावावरून डेटाबेसमधल्या टेबलचं नाव काढण्याचं काम रेल्स आणि जँगो हे दोन्ही वेब फ्रेमवर्क करतात, पण रीत अगदी वेगळी.

रेल्सचा इन्फ्लेक्टर, म्हणजे नावांची रूपं बदलणारा भाग, इंग्रजी अनेकवचन खरोखर करायला बघतो. 'कॅटेगरी'तला शेवटचा वाय काढून आयईएस लावतो, 'पर्सन'चं 'पीपल' करतो, 'शीप'ला हात लावत नाही. 'ऑर्डरआयटम'चं टेबल 'ऑर्डर_आयटम्स' होतं.

जँगो टेबलसाठी अनेकवचनाच्या वाटेलाच जात नाही. अ‍ॅपचं नाव, अंडरस्कोर, मग क्लासचं नाव सरसकट लोअरकेसमध्ये: 'शॉप_ऑर्डरआयटम'. वाचायला जड, पण अंदाज चुकत नाही. अ‍ॅडमिनमध्ये (जँगोच्या तयार व्यवस्थापन पानांत) मात्र नुसता एस चिकटतो, 'कॅटेगरी'चं स्पेलिंग बिघडतं आणि 'व्हर्बोज_नेम_प्लुरल', म्हणजे दाखवायचं अनेकवचन, हाताने लिहावं लागतं. दिसण्यापुरताच हा दोष आहे.

रेल्समध्ये चूक खोलवर जाते, कारण फाइलच्या नावावरून क्लासही तोच इन्फ्लेक्टर ठरवतो. 'एसएसएलएरर'मध्ये एसएसएल पूर्ण कॅपिटल असेल, तर 'अंडरस्कोर' मेथड त्याचं 'एसएसएल_एरर' करते. फाइलच्या नावावरून उलट क्लासकडे येताना 'कॅमलाइझ' मेथड एसएसएलमधला फक्त पहिला एस कॅपिटल ठेवते, कारण मूळ माहिती लोअरकेसमध्येच पुसली गेलेली असते. मग फाइल जागेवर असूनही झाइटवर्क (रेल्सचा फाइली आपोआप लोड करणारा भाग) क्लास सापडत नाही म्हणतो. उपाय एका ओळीचा: 'इन्फ्लेक्शन्स.आरबी'मध्ये 'अ‍ॅक्रोनिम' म्हणून एसएसएल हा संक्षेप नोंदवा. ही ओळ प्रोजेक्टच्या सुरुवातीलाच घाला. नंतर घातली तर आधीच्या फाइलींची नावंही तपासावी लागतात.

नवख्या टीमला मी जँगोची रीत सुचवेन. रेल्स मुरलेल्यांना इन्फ्लेक्टरशिवाय करमणार नाही, आणि ते मला पटतं.