ट्रेसनेट : सेंद्रिय निर्यातीची ऑनलाइन खातेवही

अपेडाची, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात प्राधिकरणाची, ट्रेसनेट ही यंत्रणा 2010 पासून सुरू आहे. एनपीओपी, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली सेंद्रिय म्हणून माल परदेशी पाठवायचा तर तिला वगळून चालत नाही. शेतकऱ्याचं क्षेत्र, पीक आणि अंदाजे उत्पादन एकदा नोंदलं की तेवढाच साठा विकता येतो. प्रत्येक विक्रीला टीसी, म्हणजे ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट लागतं आणि तेवढं वजन शिलकेतून वजा होतं. एकाच शेतातला माल दोनदा विकायला इथे खरा अटकाव बसतो, आणि ही हिची सर्वांत मोठी जमेची बाजू.

घोटाळा होतो तो आकड्यांत. हिंगोली-वसमतकडची हळदच घ्या. 100 किलो ओले कंद शिजवून वाळवले की साधारण 20 किलो हळकुंडं हाती येतात. शेतकरी गटाने उत्पादन ओलं धरलं आणि निर्यातदाराने विक्री सुकी दाखवली, तर प्रत्यक्षात नसलेला माल कागदावर शिल्लक दिसतो आणि तपासणीत टीसी अडकतो. म्हणून वजन ओलं की सुकं, हे काढणीच्या दिवशीच गटाच्या वहीत लिहा.

दुसरी गोष्ट: ट्रेसनेट कागद जपते, पोतं नाही. कीटकनाशक लागलेला जुना बारदाना वापरला, तर टीसी असूनही प्रयोगशाळेत अंश सापडू शकतात. नवा बारदाना, वेगळं गोदाम आणि लोडिंगआधी नमुना, यावरचा खर्च वाचवू नका. युरोपला माल असेल तर तिथल्या ट्रेसेस प्रणालीतलं तपासणी प्रमाणपत्रही माल निघण्याआधीच हवं.

नोंदी चोख ठेवणाऱ्या गटांनी डोळे झाकून वापरावी.