सागवानी पेटारा की जुनं लोखंडी कपाट?

मुंबईत चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटला किंवा ओशिवऱ्याच्या जुन्या बाजारात हिंडलं की दोन्ही समोर येतात: पितळी पट्ट्या मारलेला पेटारा आणि आजीच्या खोलीतलं असावं तसं गोदरेजचं कपाट. अशी कपाटं कंपनी 1923 पासून बनवतेय.

पेटारा दिसायला राजा. पण आधी उलटा करून तळ बघा. सागाचा आतला तपकिरी गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही. कडेचं फिकट लाकूड मात्र भुंगा पोखरतो. बारीक भोकं दिसली तर खाली कागद पसरून टिचक्या मारा. पिवळसर भुकटी पडली, तर कीड अजून आत आहे. पितळेवर लोहचुंबक चिकटलं तर ते नुसतं मुलाम्याचं. आणि झाकणावर एकदा गाद्या रचल्या, की पेटारा दिवाळीच्या आवराआवरीलाच उघडतो!

कपाटाला कीड नाही, पाय मात्र गंजतात, कोकणात तर फारच. किल्ली दोनदा फिरवून बघाच. रंग गाड्या रंगवणाराही नीट मारून देतो.

रोजच्या साड्या-कागदपत्रांना मी कपाटच घेईन. पेटारा गोधड्यांसाठी, तोही दिवाणखान्यात जागा असेल तर.