वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट: पब्लिक कमी झालंय का? आधी कितीला लॉगिन करता ते सांगा

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, म्हणजे वॉव, हा असंख्य लोक एकाच जगात मिळून खेळतात असा ऑनलाइन गेम, आणि दर एक्स्पान्शनला (गेममधे पडणारी मोठी नवी भर) हा वाद नव्याने पेटतो, वॉव मेला की जिवंत आहे. एक पार्टी लगेच ऑक्टोबर 2010 चा आकडा तोंडावर फेकते, 12 मिलियन म्हणजे 1 कोटी 20 लाख सबस्क्रायबर, पैसे भरून खेळणारे (चायनावाले धरून बरं का, तिकडे महिन्याचं नाही, तासावर पैसे घ्यायचे). दुसरी पार्टी म्हणते अरे 2004 चा गेम आहे, मेला असता तर अजून नवे एक्स्पान्शन कोणासाठी निघतायत. मी मधेमधे सोडत, परत येत खेळणारा माणूस, त्यामुळे दोन्हीकडचं ऐकून घेतो आणि शेवटी ज्याचं त्याला म्हणून सोडून देतो, पण यावेळी रिव्ह्यूच लिहितोय तर बोलतोच.

पहिली गोष्ट, खरा आकडा बाहेरच्या कोणाकडेच नाही. गेम स्टीमवर (खेळणाऱ्यांचा आकडा उघड दाखवणारं गेमचं ऑनलाइन दुकान) नाही, त्यामुळे आत्ता किती जण ऑनलाइन आहेत ते बघायची सोय नाही. 2014 च्या शेवटी वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर हे एक्स्पान्शन आलं तेव्हा 10 मिलियनच्या वर उडी मारली होती, आणि वर्षभरात धाडकन 5.5 मिलियनवर, मग गेम बनवणाऱ्या ब्लिझार्डने सांगितलं की आता आम्ही आकडे देणारच नाही. म्हंजे कळलंच काय ते. पुढे 2024 च्या जीडीसीत (गेम बनवणाऱ्यांची परिषद) त्यांनी सबस्क्रिप्शनचा आलेख दाखवला तर त्याच्या उभ्या अक्षावर आकडेच नाहीत, आमच्या भूमितीच्या सरांनी वही भिरकावली असती. बाहेरच्या साइट मिथिक प्लस (पाच जणांच्या अवघड मोहिमा) आणि रेडच्या (मोठ्या गटाच्या मोहिमा) नोंदींवरून कॅरेक्टर मोजतात, पण एकेका माणसाची पाच-सहा कॅरेक्टर असतात आणि जो नुसता मासे पकडत बसतो तो कुठेच मोजला जात नाही. डोळ्यांनी मोजावं तर तेही नाही, कारण गर्दी झाली की गेम आपोआप लोकांना त्याच जागेच्या वेगवेगळ्या कॉप्यांमधे टाकतो आणि छोटे सर्व्हर 2013 पासून एकमेकांना जोडत आलेत. तेव्हा "काल शहरात कुत्रं नव्हतं" हा पुरावा धरू नका.

आता आपल्याकडचं. भारतात सर्व्हर नाही. एकतर युरोप, नाहीतर ओशनिक (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडचे), जे 2014 पासून सिडनीत आहेत. पिंगचं (सर्व्हर लांब म्हणून होणारा उशीर) रडगाणं सगळे गातात, पण माझ्या मते खरा घोळ घड्याळाचा आहे. युरोपातलं गिल्ड (खेळाडूंचा कायमचा गट) संध्याकाळी 8 ला रेड सुरू करतं तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा, आणि सिडनीवाले 8 ला बसतात तेव्हा आपण दुपारी साडेतीनला ऑफिसात (त्यांची घड्याळं पुढे गेली की अडीचलाच). म्हणजे पुण्यातला नोकरी करणारा माणूस जेवूनखाऊन नऊला बसला तर सिडनी झोपलेली आणि युरोप अजून कामावर. त्याला गेम मेलेलाच दिसणार ना! त्यामुळे भारतातल्या कोणी "सर्व्हर ओस पडलाय" लिहिलं की मी आधी विचारतो, भाऊ कुठला सर्व्हर आणि किती वाजता.

पण पब्लिक असून नसल्यासारखं वाटतं हे मात्र खरंय, आणि त्याचं कारण संख्येत नाहीये. जुने लोक सगळं खापर डन्जन फाइंडरवर (डन्जन म्हणजे पाच जणांची छोटी मोहीम) फोडतात, तो डिसेंबर 2009 ला आला, बटण दाबा, अनोळखी पाच जण आपोआप एकत्र. पण 12 मिलियन तर त्याच्यानंतर दहा महिन्यांनी झाले, मग त्याने माणसं पळवली कशी? पळवली नाहीत, ओळख पळवली. आधीचा सर्व्हर म्हणजे रोजच्या 8:12 च्या लोकलचा डबा, कोण टँक (पुढे उभा राहून मार खाणारा) चांगला, कोण लूट ढापतो, कोणाची बायको ओरडते सगळं माहीत. आता चार जण येतात, बॉस पडतो, कोणी साधं "बाय" न टाईपता गायब. पुढे ड्रेनॉरमधे गॅरिसन दिलं, प्रत्येकाला आपापला किल्ला, सगळे आपापल्या किल्ल्यात बसून कामं वाटतायत आणि शहरं रिकामी. 2024 ला तर फॉलोअर डन्जन आले, म्हणजे टँक, हीलर (जखमा भरणारा) सगळे कॉम्प्युटरचे, आणि वॉर विदिन या एक्स्पान्शनमधले डेल्व्हज (एकट्यानेही होणाऱ्या छोट्या मोहिमा), जिथे ब्रॅन ब्रॉन्झबिअर्ड नावाचा बुटका सोबत येऊन अखंड बडबड करतो. मला डेल्व्हज मनापासून आवडतात हो, पंधरावीस मिनिटांत काम होतं, मधे कुकरची शिट्टी झाली तर उठता येतं, कोण शिव्या घालत नाही. पण महिन्याचे पैसे ऑनलाइन गेमचे भरायचे आणि गप्पा मारायला ब्रॅन?

वॉर विदिनचं मुख्य शहर डोर्नोगाल, तिथल्या ऑक्शन हाउसच्या (लिलावघर) आसपासचं दृश्य सांगतो. 90 डॉलरचा तो स्वारीचा सोनेरी डायनासोर घेऊन कोणीतरी उभा असायचा (त्याच्या पाठीवर लिलाववाला आणि टपालपेटी दोन्ही), त्याच्या पायाशी ही गर्दी, रंगीबेरंगी ड्रॅगन एकमेकांत घुसलेले, आणि चॅटमधे काय, तर बूस्टिंगच्या (मोबदला घेऊन दुसऱ्याला मोहीम पार करून देणं) जाहिराती. हाय नाही, हॅलो नाही. याला कमी पब्लिक म्हणायचं का?

मिडनाइट या नव्या एक्स्पान्शनसोबत खेळाडूंना घरं आलीयेत, पन्नासेक घरांची वस्ती, शेजारीपाजारी वगैरे. सजावटीची टूल्स एक नंबर, टेबल तिरकं करा, भिंतीत घुसवा, लोकांनी काय काय बनवलंय, तासन्‌तास जातात. गिल्डची स्वतःची वस्ती असेल तर मजा आहे, बाकी अनोळखी वस्तीत शेजारी कोण राहतो ते पाटी वाचून कळतं तेवढंच.

तर स्टार. लढाई, आवाज, जगाचा पसारा याला पाचपैकी साडेचार, याबाबतीत अजून कोणी जवळपास नाही. सोबतीला अडीच, आणि तेही गिल्ड असेल तर. अमेरिकन अकाउंटचे (ओशनिक त्यातच येतं) महिन्याला 14.99 डॉलर, आपले तेराशेच्या वर जातात, तेव्हा आधी 20 लेव्हलपर्यंत फुकट आहे ते खेळून बघा. युरोपात घेत असाल तर गर्दीचा सर्व्हर बघा, आणि गिल्डमधे शिरताना डीपीएस (सेकंदाला किती मार देता) किती विचारण्याआधी शनिवार-रविवार दुपारी युरोपच्या वेळेने रेड करणारं कोणी आहे का ते विचारा, तेवढी एकच वेळ आपल्याला धड जमते.